अब्दुलहुसेन सेपंता : मुंबईत घडलेला इराणी दिग्दर्शक

इराणी चित्रपट म्हटले की आजच्या चित्रपटरसिकाच्या मनात अब्बास किआरोस्तामी, जाफर पनाही, मजीद मजीदी, असगर फरहादी ही नावे येतात, आणि त्यामुळे या चित्रपटपरंपरेचा आरंभ १९७९ च्या इस्लामी क्रांतीनंतर किंवा फार तर १९६९ मध्ये दारियुश मेहरजुई यांनी दिग्दर्शित केलेल्या 'गाव' म्हणजे 'गाय' या चित्रपटापाशी झाला, अशी समजूत सहज होते. ही समजूत फारशी मागे जात नाही. फारसी भाषेतील पहिला बोलपट त्याच्या साडेतीन दशके आधी, १९३३ मध्ये प्रदर्शित झाला. तेहरान, शिराझ वा इस्फहान यांपैकी कोणत्याही शहरात तो तयार झालेला नव्हता; तो मुंबईत, पुण्यात जन्मलेल्या एका निर्मात्याच्या स्टुडिओत तयार झाला. त्या चित्रपटाची कथा लिहिणारे, त्यातील नायकाची भूमिका करणारे आणि पुढील चार वर्षांत आणखी चार फारसी चित्रपट घडवणारे अब्दुलहुसेन सेपंता (१९०७–१९६९) हे प्रस्तुत ग्रंथाचे चरित्रनायक आहेत. त्यांच्या कारकिर्दीचे वैशिष्ट्य असे की, त्यांचे पाचही चित्रपट हिंदुस्थानात तयार झाले, इराणी प्रेक्षकासाठी तयार झाले, आणि मायदेशी परतल्यानंतरच्या उण्यापुऱ्या तेहतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही कथापट झाला नाही. ज्या दूरत्वामुळे त्यांना चित्रपट करता आले ते दूरत्व संपताच त्यांचे काम थांबले, आणि हे असे का झाले याचा शोध हाच या ग्रंथाचा मुख्य धागा आहे.

हा शोध घेण्यासाठी प्रथम त्या काळच्या इराणातील चित्रपटाची स्थिती ध्यानात घ्यावी लागते. इराणात तयार झालेला पहिला कथात्मक मूकपट 'आबी ओ राबी' हा ओवानेस ओहानियन या आर्मेनियन वंशाच्या दिग्दर्शकाने १९३० मध्ये केला, म्हणजे दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' नंतर सतरा वर्षांनी. तेहरानमध्ये चित्रगृहे होती, प्रेक्षकही होता. परंतु पडद्यावर दिसे ते प्रामुख्याने परदेशातून आलेले चित्रपट. मूकपटात दोन दृश्यांच्या मध्ये संवादाच्या किंवा निवेदनाच्या पाट्या येत असत आणि त्या परभाषेत असल्यामुळे, शिवाय प्रेक्षकांपैकी बहुतेकांना कोणतीच लिपी वाचता येत नसल्यामुळे, चित्रगृहात एक 'दीलमाज' म्हणजे दुभाष्या नेमलेला असे. तो अंधारात फिरत त्या पाट्यांचा फारसी अर्थ मोठ्या आवाजात सांगे. इराणी प्रेक्षकाच्या कानावर चित्रगृहात फारसी पडत होती, पण ती या मध्यस्थाच्या तोंडून. पडद्यावरच्या माणसाच्या तोंडून नव्हे. हा मध्यस्थ ज्या चित्रपटाने अनावश्यक ठरवला, त्याचे स्वागत इराणात केवळ करमणूक म्हणून का झाले नाही, हे एवढ्यावरून समजू शकते.

बोलपटासाठी लागणारी ध्वनिमुद्रणाची यंत्रे, ती चालवणारे तंत्रज्ञ, प्रयोगशाळा आणि भांडवल यांपैकी काहीही १९३०–३२ च्या सुमारास तेहरानमध्ये उपलब्ध नव्हते. मुंबईत मात्र हे सारे होते, आणि त्याखेरीज तिथे आणखी एक गोष्ट होती जी लंडन किंवा बर्लिन यांना देता आली नसती, ती म्हणजे इराणविषयीची आस्था. मुंबईचा पारशी समाज शतकांपूर्वी इराणातून गुजरातच्या किनाऱ्यावर आलेल्या जरथुश्त्री लोकांचा वंशज. तर ज्यांना महाराष्ट्रात 'इराणी' म्हणून ओळखतात, ते एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतर यझ्द आणि कर्मान या भागांतून आलेले त्याच धर्माचे लोक. मुंबई-पुण्याच्या चौकाचौकांतील इराणी हॉटेलांमुळे हा दुसरा समाज मराठी माणसाच्या रोजच्या ओळखीचा झाला. या दोन्ही समाजांतील सधन आणि विद्याव्यासंगी मंडळींनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत इराणशी सांस्कृतिक नाते पुन्हा जोडण्याचा पद्धतशीर प्रयत्न केला. 'इराण लीग' सारखी संस्था मुंबईत याच हेतूने स्थापन झाली. इब्राहीम पूरदाऊद या इराणी विद्वानाने जरथुश्त्राच्या गाथांचा फारसी अनुवाद केला तो मुंबईत राहून, येथील मंडळींच्या साहाय्याने. फारसी ग्रंथ छापण्याची परंपरा तर मुंबईत याहून जुनी होती, कारण एकोणिसाव्या शतकातच शिळाप्रेसवर छापलेल्या शाहनाम्याच्या प्रती येथून बाहेर पडत होत्या. मराठीच्या दफ्तरी आणि महसुली शब्दसंग्रहावर फारसीचा ठसा आहे हे सर्वज्ञात आहे. परंतु त्या ऐतिहासिक संबंधापेक्षा हा आधुनिक संबंध वेगळा होता. यात फारसी ही राज्यकर्त्यांची भाषा म्हणून आलेली नव्हती, तर एका शहराने ती आपल्या आवडीने आणि आपल्या पैशाने जवळ केली होती.

तेहरानमध्ये जन्मलेले सेपंता १९२७ मध्ये, वयाच्या विशीत, या मुंबईत आले ते चित्रपटासाठी नव्हे. प्राचीन इराणची भाषा आणि संस्कृती यांचा अभ्यास हे त्यांचे प्रयोजन होते, आणि त्यासाठी त्यांना दिनशाह जीजीभाई इराणी यांचे मार्गदर्शन लाभले. दिनशाह व्यवसायाने सॉलिसिटर, वृत्तीने अभ्यासक. १९३२ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर इराणच्या दौऱ्यावर गेले तेव्हा तेही त्यांच्यासमवेत होते. सेपंता हे आडनावसुद्धा या अभ्यासविषयाशी नाते सांगते, कारण अवेस्ता या जरथुश्त्री धर्मग्रंथाच्या भाषेत 'स्पेंत' या शब्दाचा अर्थ पवित्र किंवा कल्याणकारी असा होतो. मुस्लिम घरात जन्मलेल्या एका तरुणाने इस्लामपूर्व इराणचा असा ध्यास घ्यावा हे त्या काळी अपवादात्मक नव्हते. १९२५ मध्ये काजार घराण्याची सत्ता संपून रझाशहा पहलवी राज्यावर आले होते आणि नव्या राजवटीने प्राचीन इराणच्या वैभवाला राष्ट्रीय अस्मितेचा पाया मानले होते. मुंबईतील पारशी विद्वानांचा इराणविषयीचा दृष्टिकोन आणि तेहरानच्या सत्तेचा दृष्टिकोन या टप्प्यावर एकमेकांशी बरेच जुळत होते. सेपंता यांची उमेदीची वर्षे या जुळणीच्या काळात गेली, आणि त्यांच्या चित्रपटांचे विषय पाहिले असता ती जुळणी त्यांत जागोजागी दिसते.

दिनशाह यांच्या वर्तुळातून सेपंता यांचा परिचय आर्देशिर इराणी यांच्याशी झाला. आर्देशिर यांचा जन्म १८८६ मध्ये पुण्यात झाला होता. त्यांनी १९२६ मध्ये इम्पीरिअल फिल्म कंपनी स्थापन केली आणि १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात 'आलम आरा' हा हिंदुस्थानातील पहिला बोलपट प्रदर्शित केला. 'आलम आरा' साठी त्यांनी टॅनार नावाची ध्वनिमुद्रण यंत्रणा वापरली होती, जिच्यात चित्र आणि आवाज दोन्ही एकाच फितीवर एकाच वेळी उमटत असत. या पद्धतीत आवाज मागाहून भरण्याची सोय नव्हती; नटाने जे उच्चारले आणि वादकांनी कॅमेऱ्याच्या नजरेआड बसून जे वाजवले तेच कायम होत असे, आणि स्टुडिओशेजारून जाणाऱ्या आगगाड्यांचा आवाज टाळण्यासाठी बरेचसे चित्रण रात्री उशिरा करावे लागे. इम्पीरिअलने आपला बोलपट हिंदीपुरता ठेवला नाही. १९३१ मध्येच 'कालिदास' मधून तमिळ आणि तेलुगू भाषा पडद्यावर आल्या. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट १९३२ च्या फेब्रुवारीत पडद्यावर आणला आणि त्याच वर्षी इम्पीरिअलमध्ये फारसी बोलपटाचे काम सुरू झाले. मराठी आणि फारसी या दोन भाषा पडद्यावर बोलू लागल्या त्या जवळजवळ एकाच हंगामात आणि एकाच मुलखात, ही गोष्ट दोन्ही भाषांच्या चित्रपटेतिहासांत एकत्र क्वचितच मांडली जाते.

'दुख्तर-ए-लोर' म्हणजे लोर जमातीची मुलगी. लोर ही पश्चिम इराणमधील झाग्रोस डोंगररांगांत राहणारी जमात. आणि 'दुख्तर' हा शब्द संस्कृत 'दुहिता' चा सख्खा भाऊबंद असल्याने मराठी वाचकाला तो फार परका वाटू नये. कथेतील गुलनार हिला बालपणी लुटारूंनी पळवून नेलेले असते आणि ती एका कहवाखान्यात नाचून दिवस काढत असते. (कहवाखाना या नावात कॉफी असली तरी इराणात तिथे चहाच मिळतो, आणि वाटसरूंचा मुक्काम, गप्पा, कथाकथन हे सारे तिथेच चालते.) लुटारूंच्या बंदोबस्तासाठी सरकारने पाठवलेला जाफर तिथे येतो, दोघांचे प्रेम जमते, टोळीप्रमुख कुलीखानाशी झुंज होते आणि अखेर दोघेही समुद्रमार्गे मुंबईला निसटतात. इराणात नवी राजवट येऊन सुव्यवस्था प्रस्थापित झाल्याचे कळल्यावर ते मायदेशी परततात. चित्रपटाचे दुसरे नाव 'कालचा इराण आणि आजचा इराण' अशा अर्थाचे होते, आणि त्यातून त्याची राजकीय भूमिका स्पष्ट होते : अराजक ते काजार काळातले, शांतता ती रझाशहांची. आजच्या अभ्यासकाला हा राजप्रशंसेचा भाग उघड प्रचार वाटल्यास त्यात चूक नाही. पण त्या शेवटात आणखीही काही आहे. जाफर आणि गुलनार जिथे आश्रय घेतात ते शहर मुंबई आहे, म्हणजे चित्रपट ज्या शहरात चित्रित होत होता तेच. आपल्याला निवारा देणाऱ्या शहराला सेपंता यांनी कथेतही निवाऱ्याचेच स्थान दिले आणि तिथून मायदेशी सुखाने परतणाऱ्या नायकाची भूमिका स्वतः केली. त्यांच्या स्वतःच्या परतण्याची हकीकत ज्याला ठाऊक आहे त्याला हा शेवट निर्विकारपणे पाहता येणार नाही.

गुलनारची भूमिका करण्यासाठी फारसी बोलणारी आणि पडद्यावर येण्यास तयार असलेली स्त्री मिळवणे हे या निर्मितीतील सर्वांत अवघड काम होते. ती मिळाली इम्पीरिअलमध्ये नोकरीस असलेल्या एका इराणी गृहस्थाच्या पत्नीच्या रूपाने. रूहअंगीझ सामीनेझाद या मूळच्या कर्मान प्रांतातील बम गावच्या. त्यांच्या बोलण्यात कर्मानी हेल होता आणि तो लपवण्याजोगा नव्हता. तेहरानच्या प्रेक्षकाला या हेलाची गंमत वाटली, पण तीच गुलनारची ओळखही ठरली, आणि पडद्यावरची पहिली फारसी ही पुस्तकी किंवा दरबारी फारसी न ठरता एका प्रांताची जिवंत बोली ठरली. फारसी बोलपटात अभिनय करणारी पहिली इराणी स्त्री म्हणून रूहअंगीझ यांचे स्थान निर्विवाद आहे. परंतु त्या मानाची किंमत त्यांनी आयुष्यभर मोजली. इराणात त्यांना निंदा आणि छळ सोसावा लागला, आप्तस्वकीय दुरावले, आणि पुढचे सारे आयुष्य त्यांनी लोकांच्या नजरेआड काढले. चित्रपट डोक्यावर घेणाऱ्या समाजाने त्यातील नायिकेला आपल्यात जागा दिली नाही, हा त्या यशाच्या कथेतील सर्वांत क्लेशकारक भाग आहे, आणि सेपंता यांच्या चरित्रात त्याला तळटीपेपुरते स्थान देणे अन्यायाचे होईल.

१९३३ च्या नोव्हेंबरात तेहरानमध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाच्या यशाचा एक आघात ओहानियन यांच्यावर झाला. त्यांचा 'हाजी आगा, चित्रपटाचा नट' हा कल्पक मूकपट त्याच सुमारास आला आणि बोलक्या गुलनारपुढे तो टिकला नाही. दिग्दर्शक म्हणून 'दुख्तर-ए-लोर' वर नाव आर्देशिर इराणी यांचे आहे, आणि त्यामुळे या चित्रपटाचे श्रेय कोणाचे हा प्रश्न उरतो. यंत्रणा, भांडवल, चित्रणाची शिस्त आणि बोलपटाचा अनुभव हे सर्व आर्देशिर यांचे होते, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र कथा, संवाद, गीते, नटांची तयारी आणि इराणी जीवनाचे तपशील हा भाग सेपंता यांनी पेलला. ज्या कलाकृतीचे प्रयोजनच मुळी भाषा हे होते, तिच्यात भाषा सांभाळणाऱ्याला सहायक म्हणणे योग्य ठरत नाही. म्हणून या ग्रंथात हा चित्रपट दोघांच्या संयुक्त कर्तृत्वाचा मानला आहे.

यानंतरच्या चित्रपटांत सेपंता स्वतः दिग्दर्शक झाले. १९३४ हे वर्ष महाकवी फिरदौसी यांच्या जन्मसहस्राब्दीचे म्हणून इराणात साजरे झाले. तूस येथील त्यांच्या समाधिस्मारकाचे उद्घाटन रझाशहांच्या हस्ते झाले आणि देशोदेशीचे विद्वान तेहरानला जमले. या निमित्ताने सेपंता यांनी 'फिरदौसी' हा चित्रपट केला आणि कवीची भूमिकाही स्वतःकडे घेतली. शाहनामा हे सुमारे पन्नास हजार द्विपदींचे महाकाव्य फिरदौसींनी इसवी सन १०१० च्या सुमारास पुरे केले आणि गझनीच्या महमूदाला अर्पण केले. परंतु सुलतानाने कवीची योग्य बूज राखली नाही, अशी परंपरागत कथा आहे. कवीला न्याय द्यायचा तर सुलतानाला उणे दाखवणे भाग होते. रझाशहांना राजाचे हे चित्रण रुचले नाही आणि त्या भागाचे पुन्हा चित्रण करावे लागले, अशी नोंद इराणी चित्रपटाच्या इतिहासांत आढळते. ज्या कवीचा गौरव राज्यच करीत होते, त्या कवीची राजाविषयीची तक्रार मात्र त्याच राज्याला पडद्यावर नको होती. सेपंता आणि पहलवी राजवट यांच्यातील पुढच्या दुराव्याची सुरुवात येथे शोधता येते, कारण प्राचीन इराणविषयीचे प्रेम दोघांत समान असले तरी सेपंता यांचे प्रेम ग्रंथातून आले होते आणि राज्याला त्या ग्रंथाचा उपयोग करून घ्यायचा होता.

'शिरीन ओ फरहाद' (१९३४) आणि 'लैला ओ मजनून' (प्रदर्शन १९३७) या दोन चित्रपटांच्या कथा निझामी या बाराव्या शतकातील कवीच्या काव्यांमुळे अजरामर झाल्या असल्या, तरी त्या हिंदुस्थानच्या रंगभूमीलाही परक्या नव्हत्या. पारशी नाटक मंडळ्यांनी त्या दीर्घकाळ गाजवल्या होत्या आणि कलकत्त्याच्या मादन कंपनीचा गीतबहुल 'शिरीन फरहाद' १९३१ मध्येच आला होता. त्यामुळे विषय इराणचा आणि सादरीकरणाची घडण हिंदुस्थानी बोलपटाची असा मेळ सेपंता यांच्या हातून सहज जमला. दोहोंच्या मधला 'चश्महा-ए-सियाह' म्हणजे 'काळे डोळे' (१९३६) हा अधिक विचार करण्याजोगा आहे, कारण त्याची पार्श्वभूमी नादिरशहाच्या हिंदुस्थानावरील स्वारीची होती. चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्याच १७३९ च्या वर्षी नादिरशहाने दिल्ली लुटली आणि तिथे भीषण कत्तल झाली. हिंदुस्थानी स्मृतीत तो विध्वंसक म्हणून राहिला, तर इराणच्या तत्कालीन राष्ट्रीय इतिहासात देशाला पुन्हा उभे करणारा वीर म्हणून. अशा पुरुषाच्या स्वारीवर बेतलेला चित्रपट त्याने ज्या देशावर स्वारी केली त्याच देशात तयार व्हावा, यावरून मुंबईच्या चित्रव्यवसायाची व्यापारी मोकळीक दिसते. तसेच सेपंता यांना यजमान देशाची स्मृती आणि आपल्या प्रेक्षकाची अपेक्षा यांच्यामधून किती अरुंद वाटेने जावे लागत होते, हेही दिसते. 'लैला ओ मजनून' च्या वेळी ते मुंबई सोडून कलकत्त्याच्या ईस्ट इंडिया फिल्म कंपनीत गेले होते.

हा शेवटचा चित्रपट घेऊन सेपंता १९३६ मध्ये इराणला परतले. सरकारच्या साहाय्याने मायदेशी स्टुडिओ उभारावा अशी त्यांची आशा होती, आणि पाच चित्रपटांचा अनुभव असलेला दुसरा इराणी माणूस त्या वेळी अस्तित्वात नसल्याने ती अवाजवी नव्हती. प्रत्यक्षात अधिकाऱ्यांनी उदासीनता दाखवली, तर चित्रगृहांच्या मालकांनी हात आखडता घेतला. याला व्यक्तिगत आकस एवढेच कारण देणे पुरेसे नाही. परदेशी चित्रपट आणणे चित्रगृहाच्या मालकाला स्वस्त पडे, तर स्वदेशी चित्रपटासाठी लागणारे भांडवल कोणी गुंतवायला तयार नव्हते. आणि रेल्वे, कारखाने, फौज यांवर खर्च करणाऱ्या राज्याच्या दृष्टीने चित्रपट हा परवानगीचा आणि तपासणीचा विषय होता, उभारणीचा नव्हे. मुंबईत सेपंता यांच्यामागे एक समाज होता, एक निर्माता होता, चालू यंत्रणा होती. तेहरानमध्ये त्यांच्याजवळ फक्त चित्रपटाचे डबे होते. आईच्या आजारपणामुळे परत हिंदुस्थानात जाणेही लांबत गेले आणि अखेर ते इस्फहानला स्थिरावले, तिथे त्यांनी वृत्तपत्र काढले, लेखन केले, नोकरी केली.

सेपंता यांचे थांबणे हे एका व्यक्तीचे थांबणे राहिले नाही. 'लैला ओ मजनून' नंतर सुमारे अकरा वर्षे फारसीत एकही नवा कथापट तयार झाला नाही. ही कोंडी फुटली तीही पुन्हा बाहेरून : इस्माईल कूशान यांनी एका फ्रेंच चित्रपटाला इस्तंबूलमध्ये फारसी आवाज चढवून तो 'दुख्तर-ए-फरारी' म्हणजे 'पळून गेलेली मुलगी' या नावाने १९४६ मध्ये तेहरानला दाखवला, आणि त्याच्या यशावर उभे राहून त्यांनी १९४८ मध्ये 'तूफान-ए-झिंदगी' हा इराणच्या भूमीवर तयार झालेला पहिला फारसी बोलपट काढला. मुंबईच्या 'दुख्तर' नंतर पंधरा वर्षांनी इराणी चित्रपट घरी पोहोचला, आणि तो आणणाऱ्यांत सेपंता नव्हते. कूशान यांच्यापासून व्यावसायिक चित्रपटाची जी परंपरा वाढली तिला नंतरच्या समीक्षकांनी तुच्छतेने 'फिल्मफारसी' म्हटले. गाणी, नृत्य, संकटातली नायिका आणि सुखान्त ही तिची जी लक्षणे सांगितली जातात ती 'दुख्तर-ए-लोर' मध्ये बीजरूपाने दिसतात, आणि तिच्या घडणीत हिंदुस्थानी बोलपटाचा वाटा किती, हा प्रश्न सेपंता यांच्या अभ्यासाशिवाय सुटणारा नाही.

सेपंता यांचे निधन मार्च १९६९ मध्ये इस्फहानला झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात आर्देशिर इराणी मुंबईत निवर्तले, आणि त्याच वर्षी मेहरजुई यांचा 'गाव' आणि मसूद किमियाई यांचा 'कैसर' हे इराणी चित्रपटातील नवप्रवाहाचे पहिले दोन ठळक चित्रपट आले. पुढच्याच वर्षी मुहम्मद तहामीनेझाद यांनी इराणी चित्रपटाच्या आरंभकाळावर एक माहितीपट केला, ज्याच्या नावातच 'सेपंतापर्यंत' असे शब्द आहेत. त्यात रूहअंगीझ सामीनेझाद अनेक वर्षांनी कॅमेऱ्यासमोर आल्या आणि गुलनार झाल्यानंतर आपल्या वाट्याला काय आले ते त्यांनी स्वतःच्या तोंडून सांगितले.